फ्लिप-अप की फुल-फेस? शनिवारच्या आत ठरवायचंय

रानवाटसरू (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. जुन्या हेल्मेटच्या आतला थर्माकोल बोट लावलं की भुगा होऊन पडतोय, त्यामुळे नवीन घेणं आलंच. फ्लिप-अप (हनुवटीचा भाग वर उघडणारं) घ्यावं की सरळ फुल-फेस (सलग एका तुकड्याचं), एवढं एकच सांगा. व्हिडिओ बघून डोकं उठलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. रविवारी पहाटे गणपतीला गावी निघायचंय, शनिवारी दुकानात जाऊन घेणारच आहे. 'बजेट वाढवा' सोडून काहीही सांगा.

घाटमाथा
गाव कुठलं? गाडी कुठली? रोज किती चालवता? आणि बजेट वाढवू नका म्हणता, पण आहे किती ते लिहिलंच नाहीये.

तिसरा_गिअर
फुल-फेस. विषय संपला. माणूस पडतो तेव्हा हनुवटी आणि जबडा आपटायचं प्रमाण फार मोठं असतं, आणि फ्लिपमध्ये नेमकी तिथेच बिजागरी आणि खटका. सलग एका तुकड्याची बॉडी ती सलगच. शिवाय फ्लिप शे-दोनशे ग्रॅमने जड आणि सांध्यातून वारा शिट्टी मारतो तो वेगळाच. रेसवाले फ्लिप घालतात का, सांगा.

रिमझिम
इथे कुणी रेस लावत नाहीये, माणूस गणपतीला चाललाय. पंपावर, टपरीवर, पोलिसांनी अडवल्यावर दर वेळी पट्टा सोडून अख्खं हेल्मेट उपसायचं आणि पुन्हा कोंबायचं, याचा कंटाळा येऊन लोक हेल्मेट आरशाला अडकवून चालवतात. डोक्यावर राहील ते हेल्मेट चांगलं. माझं मत फ्लिपला.

डबा_एक्सप्रेस
कुठलंही घ्या, पण कानाशी स्पीकरसाठी खोबणी आहे का बघा. नंतर ब्लूटूथ बसवायला गेलात की कान दुखतात.

रानवाटसरू
ब्लूटूथ नकोय. चाकण ते पिंपरी रोज जाऊन-येऊन, गाडी 150 सीसीची, गाव चिपळूणजवळ. बजेट सहा हजार. आता सांगा.

घाटमाथा
चष्मा आहे का?

रानवाटसरू
आहे ना. कायमचाच. त्याचा काय संबंध?

घाटमाथा
अहो, सगळा संबंध त्याचाच आहे! फुल-फेस घालताना चष्मा काढायचा, डोकं आत घालायचं आणि मग काचेच्या फटीतून चष्म्याच्या काड्या गालाच्या गादीतून वर सरकवायच्या. तुमच्या काड्या कानामागे जास्त वळलेल्या असतील तर त्या आत अडकतात, नाहीतर कानशिलावर रुतून अर्ध्या तासात डोकं ठणकतं. काही फुल-फेसमध्ये गादीला चष्म्यासाठी खाच दिलेली असते, ती हात घालून चाचपून बघा. फ्लिपमध्ये चष्म्यासकट डोकं आत जातं. रोजच्या वापराला हा फरक फार मोठा आहे.

तिसरा_गिअर
म्हणजे चष्म्यासाठी जबडा पणाला लावायचा? मीही चष्मेवाला आहे. सरळ काड्यांची फ्रेम केली, प्रश्न मिटला.

अपरांत
तिसरा_गिअर, 'फ्लिप म्हणजे कमकुवत' हे सरसकट बरोबर नाही. युरोपच्या ईसीई 22 मानकात फ्लिपच्या हनुवटीच्या भागाचीही चाचणी होते. पट्ट्याला शिवलेलं लेबल बघा. गोलात ई, खाली नंबर, आणि नंबरच्या शेवटाकडे पी असेल तर हनुवटीचा भाग संरक्षक म्हणून पास झालेला. पी/जे असेल तर उघडा ठेवूनही पास. एनपी दिसलं तर ते हेल्मेट खाली ठेवा, त्याचा अर्थ हनुवटीचा भाग संरक्षण देत नाही. नंबरची सुरुवात 06 ने असेल तर नवीन मानक, 05 म्हणजे जुनं.

ब्रिटनची शार्प नावाची सरकारी योजना 2007 पासून हेल्मेटला तारे देते. फ्लिप असेल तर आदळल्यावर खटका किती टक्के वेळा बंद राहिला तेही छापते. काही फ्लिप तिथे शंभर टक्के बंद राहतात, काही सपशेल उघडतात. तेव्हा प्रश्न फ्लिप की फुल-फेस हा नाही, कुठलं फ्लिप हा आहे.

तिसरा_गिअर
सहा हजारांत हे सगळं मिळतं का, ते सांगा. मानकं आम्हालाही वाचता येतात.

अपरांत
आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेली फ्लिप मिळतात त्या किमतीत. आयएस 4151 चा, म्हणजे हेल्मेटच्या भारतीय मानकाचा, शिक्का तर हवाच, जून 2021 पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही. पण फक्त मागचा स्टिकर बघून घेऊ नका, रस्त्याकडेच्या हेल्मेटवरही तो चिकटवलेला असतो.

मीठभाकर
चिपळूणला जाताय तर ताम्हिणीतून जाऊ नका. उंब्रज, पाटण, कोयनानगर करून कुंभार्ली घाट उतरा. पाटणला नाश्ता चांगला मिळतो.

रिमझिम
कुंभार्लीत पावसात रस्ता दिसत नाही हो. ताम्हिणी उतरून माणगाव, महाड, पुढे कशेडीचा बोगदा. वेळ वाचतो.

मीठभाकर
गणपतीच्या आदल्या रविवारी माणगावात अडकून बघा, मग वेळ वाचतो की नाही ते कळेल.

घाटमाथा
मंडळी, रस्त्याचा वेगळा धागा काढा. रानवाटसरू, घाटात धुकं आणि अंगावर पाऊस असताना खरा त्रास वाफेचा होतो. चष्म्यावर एक थर, काचेवर दुसरा. काचेच्या आतून दोन बाजूंना खुंट्या आहेत का बघा, त्यावर पिनलॉकची दुसरी काच बसते. मधे हवा कोंडते म्हणून वाफ धरत नाही. खुंट्या नसलेली काच घेऊ नका, मग फ्लिप असो वा फुल-फेस.

सिस्टर_वॉर्ड७
मी कॅज्युअल्टीत काम करते, म्हणून लिहिते. बेशुद्ध माणसाचं हेल्मेट रस्त्यावर कुणीही ओढून काढू नका. श्वास चालू असेल तर काच वर करा, 108 ला फोन करा आणि मान हलू देऊ नका. काढावंच लागलं तर दोन माणसं लागतात, एकाने मान धरायची, दुसऱ्याने काढायचं. फ्लिप असेल तर तोंडापर्यंत लवकर पोचता येतं, हा त्याचा मोठा फायदा. काही फुल-फेसमध्ये गालाच्या गाद्यांना लाल फिती असतात, त्या ओढल्या की गाद्या आधी निघतात. घरच्यांना हे माहीत असू द्या. आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतं. वहिनी सोबत आहेत का?

रानवाटसरू
आहे. तिच्यासाठी वेगळं घेतलंय आधीच, फुल-फेस. सिस्टर, धन्यवाद, हे माहीत नव्हतं.

डबा_एक्सप्रेस
आतली गादी बेबी शाम्पूने धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलंत की फोम आकसतो.

अपरांत
दुकानात हे करा. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवून माप घ्या. घातल्यावर हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा, गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकला, निघता कामा नये. फ्लिप असेल तर बंद करताना दोन्ही बाजूंचा खटका ऐका, मग दोन्ही हातांनी हनुवटीचा भाग धरून जोरात वर ओढा. खटक्याच्या आतला आकडा (हूक) धातूचा हवा, प्लास्टिकचा नको. आणि चालवताना ते बंदच.

रानवाटसरू
दुकानातून आलो. दोन फुल-फेस घालून बघितली, माझ्या फ्रेमच्या काड्या दोन्हींत अडकल्या. फ्लिपच्या पहिल्या नगाचा डावा खटका लागतच नव्हता, नुसता टेकून राहायचा. ओढल्यावर उघडला. दुकानदार म्हणाला चालतं, वापरून बसतो. मी दुसरा नग काढायला लावला, तो दोन्हीकडून घट्ट बसला. आकडा धातूचा, लेबलवर 06 आणि पी/जे. पिनलॉकसकट सहा हजारांच्या थोडं वर गेलं. घेतलं.

तिसरा_गिअर
खटका महिन्याला एकदा साफ करत जा. धूळ बसली की तो अर्धाच लागतो. आणि पावसातून आल्यावर पुसून कोरडा करा.

घाटमाथा
पिनलॉक बसवून झाल्यावर त्यावरची पातळ प्लास्टिकची फिल्म सोलून काढा. बरेच जण ती तशीच ठेवतात आणि धूसर दिसतं म्हणून तक्रार करतात. सिलिकॉनची कड सगळीकडून टेकलीय का, तेही उजेडात धरून बघा.

मीठभाकर
मग कुठला घाट ठरला?