मळ्यावरच्या गुलामांची नावं फलकावर आणायची आहेत

ओवरी:
व्हर्जिनियातल्या एका जुन्या तंबाखूच्या मळ्यावर, तिथे राबवलेल्या माणसांच्या नावांचा फलक उभारायचा आहे. मालकाच्या मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची यादी आणि १८६० च्या गुलाम-गणनेची पानं हाताशी आहेत. एवढ्यावर नावं पक्की होतील का? मागच्या रानात त्यांची दफनभूमी आहे, तिची साफसफाई कशी करावी?

दप्तर:
१८५० आणि १८६० च्या गुलाम-गणनेत मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग एवढंच असतं. नावं मिळतील ती मालमत्तेच्या यादीत. गुरं-नांगरांच्या शेजारी माणसाचं नाव, कधी वय, आणि पुढे डॉलरमधली किंमत. म्हाताऱ्यांच्या नावापुढे कधीकधी शून्य असतं. ती नावं हमखास गळतात, आधी तीच उतरवून घ्या.

दोन याद्यांत एकच नाव दिसलं म्हणून माणूस एकच समजू नका. वय आणि आईचं नाव जुळतंय का ते बघा. मालकाचं आडनाव तर आपल्या मनाने मुळीच जोडू नका, कित्येकांचं आडनाव वेगळं होतं. १८७० च्या जनगणनेत मुक्त झालेल्यांची नावं आडनावासकट येतात. तिथून मागे मागे येत जुळवा. ज्यांचं नाव सापडत नाही त्यांच्यासाठी वय आणि वर्ष कोरा, पण ओळ ठेवा.

रानवाट:
दफनभूमीत कोयता-फावडं घेऊन शिरू नका! अनघड दगड उभा दिसला तर बहुधा तीच थडग्याची खूण असते, आणि 'साफसफाई'त नेमका तोच उचलला जातो. आतली पेटी कुजली की वरची माती बसते, म्हणून लांबट खळगे दिसतात, बरेचसे पूर्व-पश्चिम. ते बुजवू नका. हिवाळ्यात पानं झडल्यावर ते स्पष्ट दिसतात. तेव्हा झेंड्या लावून नकाशा करा. जमिनीखालचं टिपणारं रडार चिकणमातीत फार खोल बघू शकत नाही, त्यामुळे 'काही सापडलं नाही' म्हणजे थडगी नाहीत असं नव्हे. माउंट व्हर्ननला (जॉर्ज वॉशिंग्टनच्या मळ्यावर) २०१४ पासून थडगी न उकरता, वरची माती तेवढी काढून, खड्ड्याच्या मातीचा वेगळा रंग टिपून नोंद करतात.

दप्तर:
आणि मसुदा वंशजांना दाखवल्याशिवाय दगडावर छिन्नी लावू नका. माँटिसेलोत (थॉमस जेफरसनच्या मळ्यावर) १९९३ पासून वंशजांच्या तोंडून कुटुंबांचा इतिहास नोंदवला जातोय. कागदावर नसलेली नाती तिथे कळतात. पुढे सापडणाऱ्या नावांसाठी फलकावर मोकळी जागा सोडा.