फितूर की गद्दार?

सुगरणीचा खोपा
आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा पडदा लावून जुना सिनेमा दाखवतो. या वेळी श्रीराम राघवनचा 'जॉनी गद्दार' (२००७) लावला. खेळ संपला की प्रेक्षकांना चिठ्ठ्या देतो, त्यांची मतं घेतो आणि निवडक मतं एका पानावर छापतो. हे काम माझ्या गळ्यात आहे.

मंडळी खूश होती. "सुरुवातीचा काळापांढरा पाऊस बघूनच सावरून बसलो", "धर्मेंद्र खुर्चीत नुसता बसला तरी दरारा वाटतो", "खुनी कोण हे आपल्याला आधीपासून माहीत, तरी नखं खाल्ली". घोळ पुढे झाला. एका निवृत्त बाईंनी लिहिलं, "पाच भागीदारांतला सर्वांत लाडका पोरगाच फितूर निघतो." टाइप करणाऱ्या अकरावीतल्या मुलाने विचारलं, "फितूर कुठे आहे तो? चांगला थंड डोक्याचा आहे की!" त्याच्या लेखी फितूर म्हणजे वेड, खूळ. मी म्हटलं, बरं, 'गद्दार' करू. तर बाई म्हणाल्या, गद्दार मराठी नाही, माझ्या नावावर तो शब्द छापायचा नाही.

तर 'फितूर' आता कुणाला कळत नाही का? आणि 'गद्दार' खरंच मराठी नाही?

भरडधान्य
मुलाचा दोष नाही. हिंदीत फितूर म्हणजे खूळच. २०१६ मध्ये त्या नावाचा सिनेमाही आला होता. पोरं गाणी हिंदी ऐकतात, शब्दही तिथूनच उचलतात.

काळा डगला
फितूर मेलेला नाही हो. कोर्टाची कुठलीही बातमी काढा, "साक्षीदार फितूर झाला" दर आठवड्याला सापडेल. मी स्वतः तीस वर्षं फितूर साक्षीदारांवर पोट भरलंय. (त्यांना फितवणारा मी नव्हे.) पण म्हणूनच सांगतो, बाईंचा शब्द इथे बसत नाही. फितूर व्हायला समोर दुसरा पक्ष लागतो. किल्ला फितुरीने पडला म्हणजे आतल्या कुणीतरी शत्रूला दरवाजा उघडून दिला. या सिनेमातला विक्रम कुणाला जाऊन मिळतो? कुणालाच नाही. पाच जणांनी घातलेले पैसे त्याला एकट्याला हवेत. शत्रूच नाही तर फितुरी कसली?

खडीसाखर
अगदी बरोबर. याला आमची आजी "केसाने गळा कापणारा" म्हणायची. ज्याचा गळा कापला जातो त्याला पत्ताही लागत नाही. धर्मेंद्रच्या शेषाद्रीचं काय होतं ते आठवा.

सुगरणीचा खोपा
खडीसाखर, कृपा करून पुढे जाऊ नका! पुढच्या महिन्यात पुन्हा खेळ आहे. रसभंग नको.

शुद्धमती
'स्पॉयलर'ला रसभंग लिहिलंत, आनंद झाला. मूळ प्रश्नाबद्दल: फितूर आणि गद्दार दोन्ही अरबीतून आलेले. 'फुतूर' म्हणजे ढिलेपणा, बिघाड. दगा फारसी. बेइमानही तिकडचाच. आपल्याकडे 'विश्वासघातकी' हा स्वच्छ शब्द असताना एका यवनी शब्दाऐवजी दुसरा यवनी शब्द कशाला? महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याचसाठी.

तिखट मीठ मसाला
"स्वच्छ", हा शब्द आवडला. आता 'जॉनी विश्वासघातकी' असं फलकावर रंगवा आणि किती लोक येतात बघा. आणि ताई, 'फितूर निघाला' यात जो झटका आहे तो सहा अक्षरांच्या जोडाक्षरी गाडीत नाही.

शुद्धमती
झटका हवा असेल तर 'घातकी' घ्या. तीन अक्षरं.

बाभूळझाड
आमच्याकडे म्हातारे लोक सांगत, फितूर म्हणजे 'फिर' अधिक 'तुरा'. पागोट्याचा तुरा ज्याने उलटीकडे फिरवला तो फितूर. मला तरी हे पटतं.

भरडधान्य
मला पागोटं पटलं, तुरा नाही.

काळा डगला
गद्दारची मजा बघा. अरबीत ग-द-र धातू म्हणजे दगा देणं. त्यातूनच 'गदर', म्हणजे बंड. १८५७ ला उत्तरेत गदर म्हणतात. पुढे १९१३ मध्ये अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी क्रांतीसाठी पक्ष काढला, त्याला हौसेने तेच नाव घेतलं. आपले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे त्याच गदर पक्षातले. १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेले. म्हणजे सरकारने ज्याला द्रोह म्हटलं तेच यांनी कपाळावर मिरवलं.

शुद्धमती
पिंगळ्यांचं नाव या गुंडपटाच्या चर्चेत ओढू नये अशी विनंती.

काळा डगला
धातू सांगितला, ताई. माणसाला हात लावला नाही.

रिकामटेकडा
गद्दार मराठी नाही म्हणणाऱ्या बाई २०२२ पासून टीव्ही बघत नाहीत का? विधानभवनाच्या पायऱ्यांवर पन्नास खोके...

तिखट मीठ मसाला
राजकारण नको, प्लीज. मागचा धागा त्यानेच बंद पडला. पण 'खोके'वरून आठवलं, सिनेमात प्रत्येकाने पन्नास लाख घातले, पाच जणांचे अडीच कोटी. टोळीच्या भाषेत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. म्हणजे प्रत्येकी पन्नास पेट्या, सगळे मिळून अडीच खोके.

शुद्धमती
अडीच खोकी. 'खोके' नपुंसकलिंगी आहे. ते खोके, ती खोकी. 'पन्नास खोके' ही घोषणा व्याकरणाने चूक आहे, तिचा राजकीय आशय काहीही असो.

रिकामटेकडा
तुम्ही पायऱ्यांवर असता तर "पन्नास खोकी, एकदम ओकी" म्हणाला असता. अर्थ फारच वेगळा झाला असता.

खडीसाखर
😂 ओकी!

बाभूळझाड
नाही, ताईंचं अर्धंच बरोबर. पुठ्ठ्याचं ते खोकं. पैशाचा तो खोका, पुल्लिंगी. मुंबईच्या बोलीत हिंदीवाटे फिरून आलेला. म्हणून एक खोका, दोन खोके. शब्द एकच, पण धंद्याला लागल्यावर लिंग बदललं.

काळा डगला
हे मला पटतंय. नावावर नोंद करून ठेवा.

ढोलकीवाला
मी सहसा वाचतोच फक्त. पण धंद्याची भाषा निघाली म्हणून लिहितो. वडिलांचा बँड होता, सातारा जिल्ह्यात. लग्नसराईत आमच्या घरात एकच विषय, किती सुपाऱ्या आल्या. तमाशाच्या फडालाही सुपारीच देतात, म्हणजे कार्यक्रम ठरवून इसारा देणं. एकदा परप्रांतातले एक नवे पाहुणे ओसरीवर बसलेले असताना वडील फोनवर म्हणाले, "रविवारची सुपारी घेतली, सोमवारी पाटलाच्या पोराचं उरकतो." पाहुण्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. लग्न उरकायचं होतं हो. आईने पोहे आणून समजूत काढेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

सिनेमावाल्यांनी आमचा शब्द पळवला, अशी माझी तक्रार आहे.

भरडधान्य
ढोलकीवाले, वर्षातला सर्वोत्तम प्रतिसाद. पण पळवला म्हणता येणार नाही. साखरपुड्याला सुपारी फोडतात, म्हणजे ठरलं. विडा उचलतात, म्हणजे पत्करलं. खुनाचं कामही ठरतं आणि पत्करलं जातंच. शब्द सरळ चालत गेला, एवढंच.

शुद्धमती
ही वाट मला मान्य आहे. सुपारी आपली आहे.

खडीसाखर
याच सिनेमात विक्रमला रेल्वेची युक्ती सुचते ती जुना 'परवाना' (१९७१) बघून. आणि जॉनी हे नाव 'जॉनी मेरा नाम' (१९७०) वरून. सिनेमा बघून गुन्हा शिकतो बिचारा. 'परवाना'ही फारसीच, शुद्धमतीताई, की त्याला 'अनुज्ञप्ती' म्हणायचं?

शुद्धमती
परवानाचा दुसरा अर्थ पतंग. दिव्यावर झेप घेणारा. आधी तो बघा, मग चेष्टा करा.

तिखट मीठ मसाला
टाळी. ही ताईंना.

सुगरणीचा खोपा
सगळ्यांचे आभार, पण मजकूर उद्या सकाळी छापायला जातोय. बाईंना काळा डगला यांचा 'दुसरा पक्ष लागतो' हा मुद्दा फोनवर वाचून दाखवला. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याने पोलिसाच्या भीतीने केलं असतं तर फितूर म्हटलं असतंत ना? मग पैशाच्या लोभाने केलं तर का नाही? लोभ हाच दुसरा पक्ष." मला उत्तर सुचलं नाही. काय लिहू?

काळा डगला
बाईंना आमच्या बार रूममध्ये आणा. पण लोभाला पक्षकार करता येत नाही, त्याच्यावर समन्स बजावणार कुठे?

बाभूळझाड
एक शंका राहिली. दोन पेट्या, अडीच पेट्या. मग दीड पेटी की दीड पेट्या?

रिकामटेकडा
आधी कुणीतरी दीड पेटी द्या, मग सांगतो.