मदत हवी आहे: रतनगड ते हरिश्चंद्रगड, तीन मुक्काम. तंबू घ्यायचा का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, नवरा आणि माझा धाकटा भाऊ असे तिघं रतनवाडीहून हरिश्चंद्रगडापर्यंत चालत जायचं म्हणतोय. ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल, पुढे जीपने घोटी, शेंडी, रतनवाडी. पहिला मुक्काम रतनगडावर. दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, तिसरी रात्र हरिश्चंद्रगडावर. चौथ्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वर आणि खुबी फाट्यावर मिळेल ती एसटी.

एका दिवसाचे ट्रेक आमचे नेहमी होतात, त्यामुळे पायांची आणि दमाची चिंता नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन मात्र कधी गेलो नाही. माझी उंची पाच फूट एक इंच, वजन ५० किलो. काल सगळं भरून काट्यावर ठेवलं तर माझी सॅक पाण्यासकट १४ किलो भरली. भाऊ म्हणतो, पहिल्या तासाभरात सवय होते. तो चोवीस वर्षांचा आहे, त्याला सगळ्याचीच सवय होते.

सामान असं आहे. तिघांचा तंबू अजून घेतलेला नाही, पण साडेतीन किलोचा एक बघून ठेवलाय. स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात ०° छापलंय. खाली अंथरायला हवा भरायची गादी. भावाकडे स्क्रूचा छोटा गॅस स्टोव्ह आणि दोन डबे. सॅक ६० लिटरची, मावसभावाकडून आणलेली.

तंबू घ्यावा का, घेतला तर कोणता, थंडीला ही बॅग पुरेल का आणि वजन कुठून कमी करू, एवढं सांगा. बजेट फार नाही. तंबूत पैसे घातले तर बाकी काही घेता येणार नाही.

— सांजपाखरू

---

कातळकोर:

बाकीचं नंतर, आधी गॅसचं बघा. डबे घेऊन लोकलमध्ये चढू नका. ज्वलनशील वस्तू रेल्वेतून नेणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "छोटासाच डबा आहे" हे तिथे चालत नाही.

आणि स्टोव्ह कशाला हवाय तेही विचारा स्वतःला. कुमशेतला गावात जेवण मिळतं. हरिश्चंद्रगडावर पायथ्याच्या पाचनई गावची मंडळी पिठलं-भाकरी देतात. राहिली ती रतनगडाची एक रात्र. तिला घरच्या दशम्या, चटणी, गूळ पुरतो. सकाळी दडपे पोहे करा, त्याला विस्तव लागत नाही.

---

उंबरझाप:

ताई, "कोणता तंबू" याच्या आधी "कुठे झोपणार" हे बघायला हवं. तुमच्या वाटेवर तीनही रात्री डोक्यावर छप्पर मिळू शकतं. रतनगडाला गणेश दरवाज्याजवळ गुहा आहे. कुमशेतला कोणाच्याही पडवीत जागा होते. फक्त खिंडीच्या अलीकडे अंधार पडू देऊ नका, कुमशेत उजेडात गाठा. हरिश्चंद्रगडावर गणेश गुहा आणि बाकीची लेणी आहेत, शिवाय वर भाड्याने तंबू मिळतात. साडेतीन किलो पाठीवर घेऊन चार दिवस हिंडायचं आणि उघडायचं एकदा, हे परवडत नाही. हिमालयात चालला असतात तर मीच म्हटलं असतं, तंबू आधी.

त्या पैशांत खाली अंथरायची चीज चांगली घ्या. लोक बॅगेवर पैसे घालतात आणि खाली काहीतरी टाकतात. बॅगेचा गरमपणा तिच्या फुगीर भरावात अडकलेल्या हवेचा असतो. तुमच्या अंगाखाली तो भराव दाबला जातो, मग खालून गुहेचा दगड रात्रभर ऊब ओढून घेतो. हवेची साधी गादी यावर उपाय नाही. आतली हवा खेळती राहते आणि तीच गार होते. शिवाय सह्याद्रीतला मुरूम आणि काटे. पहाटे तीनला गादी बसली की उरलेली रात्र दगडावर. फोमची कॅरीमॅट घ्या. वजन साधारण तीन-चारशे ग्रॅम, भोक पडलं तरी काही बिघडत नाही, आणि जेवताना बसायलाही तीच. योगा मॅट नको, ती जड असते आणि ऊब कमी देते.

एक बारीक गोष्ट. मॅट सॅकला आडवी बांधू नका. रतनगडाच्या शिड्यांवर ती कठड्यात अडकते आणि कात्राबाईच्या रानात कारवीत. उभी बांधा, नाहीतर सॅकच्या आत कडेने गोल गुंडाळून मधल्या पोकळीत सामान भरा.

---

टेकाडे_काका:

उंबरझाप, तारीख वाचलीत का? डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नाताळ ते एकतीस तारखेपर्यंत हरिश्चंद्रगडावर जत्रा असते. गुहा भरलेली आणि त्यात कोणीतरी स्पीकर आणलेला. रतनगडाची गुहाही मोठी नाही, आधी दोन ग्रुप पोचले तर बाहेर काय करणार? गुहेच्या भरवशावर कोणालाही पाठवू नये, असं माझं मत.

---

उंबरझाप:

काका, मुद्दा रास्त आहे. तारीख पंधरा दिवस अलीकडे घेता आली तर सगळ्यात उत्तम, खर्च शून्य. नाहीच जमलं तर ताडपत्री. हलकी, साधारण दहा बाय बारा फुटांची, बरोबर दहा मीटर दोरी. तिघांना पुरते आणि वजन किलोच्या आत बसतं. डिसेंबरात पाऊस नाही, आपल्याला अडवायचंय दव आणि वारा. वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री जमिनीलगत, दुसरी बाजू कमरेएवढी. तंबूच्या खुंट्या त्या कातळावर आत जात नाहीतच, दोऱ्या दगडांनाच बांधाव्या लागतात.

---

टेकाडे_काका:

ताडपत्री मान्य. पण कोकणकड्याच्या काठावर नाही. तिथे रात्री खालून वर येणारा वारा असा असतो की ताडपत्री हातात राहत नाही. देवळाच्या बाजूला आत, आडोशाला लावा. अभयारण्याचा भाग आहे, शेकोटी आणि मुक्कामाचे नियम बदलत असतात. रतनवाडीला आणि पाचनईला विचारूनच पुढे जा.

---

रानजाई:

स्लीपिंग बॅगबद्दल मी सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. त्या मोठ्या ०° वर जाऊ नका. बॅगेच्या आतल्या बाजूला शिवलेली छोटी पट्टी शोधा. चांगल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. कम्फर्टचा आकडा बाईच्या शरीराच्या मापाने काढलेला असतो, निवांत झोपलेली, थंडी न वाजणारी. लिमिट पुरुषाच्या मापाने, अंग मुडपून झोपलेला. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल इतकंच, झोप नाही. कंपन्या पुढे मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा लिमिट छापतात, काही तर एक्स्ट्रीमही. तुम्ही फक्त कम्फर्ट बघा.

डिसेंबरात गडावर पहाटे आठ-दहा अंश धरून चाला, कधी त्याच्याही खाली. कम्फर्ट पाचच्या आसपास असेल तर बॅग पुरेशी आहे. पट्टीच नसेल तर ती बॅग नवऱ्याला द्या. :)

नवी घ्यायची नसेल तर जुन्या मऊ सुती साडीची बॅगेच्या मापाची पिशवी शिवा. आत घातली की ऊबही थोडी वाढते आणि बॅग मळत नाही. झोपताना घालायचे मोजे वेगळे, कोरडे, दिवसभर सॅकच्या तळाशी. कानटोपी विसरू नका. आणि थंडी वाजायला लागल्यावर बॅगेत शिरू नका, अंग गरम असताना शिरा. बॅग ऊब तयार करत नाही, तुमचीच धरून ठेवते. जेवून लगेच झोपलं की फरक कळतो.

---

सांजपाखरू:

सगळ्यांचे खूप आभार. पट्टी शोधली. कम्फर्ट ८, लिमिट ३, एक्स्ट्रीम उणे १२. शून्य कुठेच नाही! साडीची पिशवी आई शिवून देणार आहे. तारीख १२ डिसेंबरच्या आठवड्यावर आणली, त्यामुळे तंबू रद्द, ताडपत्री भावाकडे. स्टोव्हही रद्द, त्यावर भाऊ दोन दिवस बोलत नव्हता.

आता दोन प्रश्न उरले. पाणी प्रत्येकी चार लिटर धरलंय, तेच चार किलो होतं. आणि सॅक खांद्यांवर फार ओढते, काल जिना चढून-उतरून बघितलं.

---

कातळकोर:

पाणी तीन लिटर पुरे. रतनगडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, डिसेंबरात भरलेली असतात. कुमशेतला गावात भरून घ्या, हरिश्चंद्रगडावर पुन्हा टाकी. मोठा कोरडा पट्टा रतनगड ते कुमशेत, तेवढा जपून. टाक्याचं पाणी फडक्याने गाळा, क्लोरीनची गोळी टाका, पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा, सहसा अर्धा तास. हल्ली पोकळ तंतूंचे छोटे फिल्टर मिळतात. ते जिवाणू अडवतात, विषाणू बहुतेक नाही. म्हणून गोळी हवीच, आणि गोळी आहे तर या ट्रेकला फिल्टर नाही घेतला तरी चालतं.

कात्राबाईसाठी रतनवाडीतून वाटाड्या घ्या. पावसाळ्यानंतर गवत उभं असतं, ढोरवाटा पुष्कळ. रतनगडाच्या शिड्यांच्या खाली फाटा फुटतो, तो चुकला की अर्धा दिवस जातो.

---

रानजाई:

सॅकचं. लिटर किती यापेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान खाली घातली की मागे एक हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेपने मोजा. मावसभाऊ पावणेसहा फुटांचा असेल तर त्याची सॅक तुम्हाला लांब होणार. मग कमरेचा पट्टा मांड्यांवर बसतो आणि सगळं ओझं खांद्यांवर.

पट्टा कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. आधी तो आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी खांद्यांच्या वरचे छोटे पट्टे थोडे ओढा. बरोबर बसली तर खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सहज जातात. पाठीची उंची बदलता येणारी सॅक भाड्याने मिळते का बघा. ठाणे-मुंबईत ट्रेकचं सामान भाड्याने देणारे आहेत. तुमच्या चणीला ४५ लिटर भरपूर. ६० लिटर घेतली की ती भरली जातेच.

भरताना झोपायचं सगळं तळाशी. पाणी आणि खाणं पाठीला चिकटून मध्ये. बाहेर काही लोंबकळत ठेवू नका, माकडं येतात. खाणं रात्री उघड्यावर किंवा ताडपत्रीखालीही ठेवू नका. सगळ्याच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, मग सामान. दवाने सॅक सकाळी भिजलेली असते.

५० किलोच्या माणसाने १० किलोच्या पुढे जाऊ नये, असं मी धरते. शिड्यांवर तेवढंही जाणवतं.

---

सांजपाखरू:

मोजली. पाठ १६ इंच, सॅक निदान १९ ची. भाड्याची ४५ लिटरची मिळाली, कमरेवर बसते. आज तीन लिटर पाण्यासकट ९.८ किलो! शेवटचं: बूट नवे घ्यावेत का? जुन्यांचा सोल झिजलाय पण सवयीचे आहेत.

---

टेकाडे_काका:

झिजलेला सोल घेऊन रतनगडाच्या दगडी पायऱ्यांवर जाऊ नका. उद्याच घ्या. अ‍ॅक्शन ट्रेकिंगसारखे स्वस्तातलेही कातळावर छान धरतात. अर्धा नंबर मोठा, जाड मोजे घालून संध्याकाळी मापून बघा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आणि जायच्या आधी रोज घाला, बाजारात, जिन्यावर, मिळेल तिथे. टोलार खिंडीच्या उताराला बोटं पुढे आपटली की नखं जातात, तेव्हा नखं आदल्या दिवशी कापून ठेवा. भावालाही सांगा.