नाकामागच्या कर्करोगाची पूर्वतपासणी : साध्या दुर्बिणीवर थांबावे का?

नमस्कार. माझी पत्नी मूळची कोहिमाची असून आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. तिच्या थोरल्या भावावर नेझोफॅरिंक्सच्या, म्हणजे नाकामागच्या पोकळीच्या, कर्करोगासाठी उपचार चालू आहेत. हा आजार भारतात एकंदरीत दुर्मीळ असला तरी नागालँडमध्ये बराच आढळतो आणि सख्ख्या भावंडांना त्याचा धोका अधिक असतो. म्हणून तिला कसलाही त्रास नसताना आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीची तपासणी करून घेतली. (नातेवाइकांचे "त्रास नाही, तर कशाला उकरता?" हे ऐकून झाले आहे.)

बधिर करणारा कडवट फवारा मारून डॉक्टरांनी बारीक लवचीक नळी आत सोडली आणि पडद्यावर कानाच्या नळीचे तोंड व त्यामागची खोबण दाखवली. हा कर्करोग बहुधा त्या खोबणीतच सुरू होतो. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या आणि अहवाल 'नॉर्मल' आला.

तरीही साध्या दुर्बिणीतून काही सुटले असेल का, ही शंका उरते. नॅरो बँड इमेजिंग या दुर्बिणीच्याच खास प्रकाशाच्या पद्धतीमध्ये ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश वापरतात. हिमोग्लोबिन तो शोषून घेत असल्यामुळे अस्तरातल्या वेड्यावाकड्या केशवाहिन्या उठून दिसतात. मात्र गाठ अस्तराखाली दडलेली असेल तर हा प्रकाशही फारसा उपयोगी पडणार नाही आणि एमआरआयच लागेल, असे मला वाटते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगच्या अभ्यासात २०,१७४ पुरुषांच्या रक्तात आधी या कर्करोगाशी संबंधित असलेल्या एप्स्टाइन-बार विषाणूचा डीएनए शोधला आणि दुसऱ्या चाचणीतही तो आढळलेल्या ३०९ जणांनाच दुर्बीण व एमआरआय सुचवले. त्यांतून ३४ जणांना कर्करोग असल्याचे निघाले. म्हणजे तिथे चाळणी रक्ताची होती, दुर्बीण नंतरची. परंतु ते सगळे ४० ते ६२ वर्षांचे चिनी वंशाचे पुरुष होते आणि माझी पत्नी ३९ वर्षांची नागा स्त्री आहे, तेव्हा ते निष्कर्ष तिला कितपत लागू करावेत?

जाणकारांनी कृपया सांगावे : ही रक्तचाचणी नाशिकमध्ये होते का, की नमुना मुंबईला पाठवावा लागतो? नाकाच्या दुर्बिणीला नॅरो बँडची सोय इथे कोणाकडे आहे? आणि घरात रुग्ण असलेल्यांनी ही तपासणी किती काळाने पुन्हा करून घेतली?