ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला (कमी व्होल्टच्या बाजूला) ब्रेकर नेमका कुठं बसवायचा? मदत हवी आहे

मंडळी, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं काम घेतलंय, २५० केव्हीए, ११ केव्ही/४३३ व्होल्ट डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर यार्डात आणि मेन पॅनल शेडच्या पार आतल्या टोकाला, मधे लांबलचक केबल. फुल लोडला सेकंडरी ३३३ अँपिअर येतो म्हणून ४०० अँपिअरचा एमसीसीबी (मोल्डेड केस ब्रेकर) धरलाय. मालक म्हणतात तो पॅनलमध्येच राहू दे, यार्डात वेगळा डबा कशाला, एचटीला (११ केव्हीच्या बाजूला, म्हणजे प्रायमरीला) फ्यूज आहे की. पण डेल्टा-स्टारला (प्रायमरी डेल्टात, सेकंडरी स्टारमध्ये जोडलेली) सेकंडरीत एका फेजचा अर्थ फॉल्ट झाला तर प्रायमरीला त्या हिशोबानं करंट कमीच दिसतो, मग एचटी फ्यूजच्या भरवशावर अख्खी केबल सोडायची हे मला अजिबात पटत नाही, खाली भट्टीवर माणसं काम करत असतात हो.

अमेरिकेच्या एनईसीत (तिथला वायरिंगचा कोड) २४०.२१(सी) मध्ये ट्रान्सफॉर्मरपासून ब्रेकरपर्यंतच्या केबलला १० फूट, २५ फूट असे नियम आहेत, अटी लय आहेत त्याला. केबल बाहेरून असेल तर लांबीची मर्यादा नाही पण आत शिरल्या शिरल्या ब्रेकर लागतो. आयईसी ६०३६४ (आंतरराष्ट्रीय वायरिंग मानक) शॉर्ट सर्किटच्या संरक्षणासाठी हीच लांबी ३ मीटर धरतं.

आपल्याकडं इन्स्पेक्शनला काय मागतात? ट्रान्सफॉर्मरशेजारीच एमसीसीबी कुणी बसवलाय का, आणि पॅनलच्या इनकमरशी (मेन ब्रेकरशी) कोऑर्डिनेशन, म्हणजे आधी कुठला ट्रिप व्हावा ते, कसं ठेवलंत? कोल्हापूर, इचलकरंजीकडं एचटीची कामं करणाऱ्यांनी जरूर सांगा, केबलची ऑर्डर अजून दिलेली नाही.