सोलर बसवायचं का, आणि बसवलं तर बॅटरी घ्यायची का? (डिचोली)

पोरसातला:
नमस्कार मंडळी. घर गोव्यात डिचोली तालुक्यात, पुढचा भाग जुना कौलारू आणि मागे नंतर टाकलेली स्लॅब, वर मोकळी जागा धरून चला २५० चौरस फूट, दक्षिणेला शेजाऱ्यांचे दोन माड. वर्षभराची बिलं काढून बघितली तर महिन्याला सरासरी ४०० युनिट पडतात, एप्रिल-मे मध्ये एसी लागले की ५०० च्या वर. सोलरवाला येऊन दोन कोटेशन देऊन गेलाय, ३ किलोवॅट ऑनग्रिड (बॅटरी नाही, वीज खात्याच्या लाईनला म्हणजे ग्रिडला जोडलेलं) १ लाख ९५ हजार आणि तेच ५ युनिटच्या लिथियम बॅटरीसकट हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हीवर चालणारं) ४ लाख १० हजार, दोन्ही सबसिडीच्या आधीचे आकडे. तो म्हणतो बॅटरी घ्याच, बिल झिरो आणि लाईट गेली तरी घर चालू. बायको म्हणते चार महिने पाऊस पडतो तिथे हे सगळं हवंच कशाला. आमच्याकडे पावसात फांदी तारेवर पडली की लाईट गेलीच, कधी तासाभरात येते कधी सकाळी. जुना इन्व्हर्टर आहे, त्याची बॅटरी मेलीय. आणि हो, मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे. काय करावं?

फोंड्याचा हिशोबनीस:
आधी पॅनल आणि बॅटरी हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे डोक्यात पक्कं करा, सोलरवाले मुद्दाम एकत्र बांधून देतात.

पॅनलचं गणित. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्राच्या मानाने बरीच स्वस्त, म्हणून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे "चार वर्षांत पैसे वसूल" वाले व्हिडिओ इथे लावू नका. आपल्या बिलात दर शंभर युनिटला दर चढतो, त्या टप्प्यांना स्लॅब म्हणतात, हिशोबाला सोपं म्हणून २, ३, ४, ५ आणि ४०० च्या वर ६ रुपये धरा, खरे दर थोडे इकडेतिकडे आहेत, तुमच्या बिलावर बघून घाला. आता गंमत बघा, सोलर तुमचं बिल वरून खायला लागतं, म्हणजे महाग युनिट आधी जातात आणि स्वस्त शेवटी. पाऊस धरून १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने महिन्याला ११५ युनिटच्या आसपास देतो. तुमच्या ४०० युनिटमध्ये पहिला किलोवॅट महिन्याला ५६० रुपये वाचवतो, दुसरा ४३०, तिसरा फक्त ३००.

सबसिडीपण तशीच उतरती आहे. पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत (फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली) पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजारांवर कुलूप. समजा २ किलोवॅट १ लाख ३५ हजाराला मिळालं तर सबसिडी जाऊन ७५ हजार, वर्षाला जवळजवळ १२ हजार वाचतात, सव्वासहा वर्षांत मोकळे. तिसरा किलोवॅट तुम्हाला ४२ हजाराला पडतो आणि वर्षाला ३६०० देतो, म्हणजे पावणेबारा वर्षं! त्यात एका किलोवॅटला १०० चौरस फूट जागा लागते, तुमच्याकडे २५० आहे. मी असतो तर २ वर थांबलो असतो. उद्या इलेक्ट्रिक स्कूटर किंवा गाडी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी, मग बिलाचे वरचे महाग स्लॅब परत भरतात.

वहिनींना सांगा की पावसाचा मुद्दा खरा आहे, जुलैमध्ये उत्पादन आपटतं, पण नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेले युनिट वापरलेल्यातून वजा होतात) जास्तीचे युनिट पुढच्या बिलात ओढले जातात, शिवाय पावसात तुमचे एसीही बंद असतात. झिरो बिल मात्र विसरा, फिक्स चार्ज भरावाच लागतो.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय. पूर्ण कामाचा ७० टक्के भाग सामान आणि ३० टक्के सेवा (तिच्यावर १८ टक्के) धरून ८.९ टक्के येतो, आधी १३.८ यायचा. कोटेशनमध्ये कुठला लावलाय ते बघा.

साखळीचा वायरमन:
वरच्या भाऊंनी पॅनलचं बरोबर सांगितलंय, मी बॅटरीचं सांगतो कारण लोकांना इथेच फसवतात.

नुसतं ऑनग्रिड बसवलं तर लाईट गेल्यावर भर दुपारच्या उन्हातसुद्धा सोलर बंद पडतं. बिघाड नाही तो, मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर वर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या घरातून करंट बसेल. कोटेशन देताना हे कोणी सांगत नाही आणि पहिल्या पावसात गिऱ्हाईक फोन करून शिव्या घालतं.

आता बॅटरीने बिल कमी होतं का? नाही होत. दुपारचा जास्तीचा युनिट ग्रिडला दिला की रात्री तेवढाच परत वापरता येतो, म्हणजे ग्रिडच तुमची फुकटची बॅटरी आहे. तोच युनिट स्वतःच्या बॅटरीत घातला तर आत-बाहेर करताना उलट थोडा वाया जातो. तर तुमचे जादा २ लाख १५ हजार हे निव्वळ लाईट गेल्यावरच्या सुखाचे आहेत, त्याला बचत म्हणायचं नाही. आणि सूर्यघरची सबसिडी बॅटरीला मिळत नाही.

तुमच्याकडे इन्व्हर्टर आहेच ना, तर त्याला १५० एएचची ट्यूब्युलर (लेड अॅसिडची बॅटरी) टाका, वीसएक हजारात काम होतं. लेबलप्रमाणे १.८ युनिट, पण लेड अॅसिड अर्ध्याच्या खाली ओढली की लवकर मरते म्हणून १ युनिटच्या आत धरा. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, तीन-चार एलईडी आणि वायफाय, पाच-सहा तास आरामात. डिस्टिल्ड वॉटर मात्र वेळेवर घाला, जुनी बहुतेक त्यानेच मेली असणार. फ्रिज आणि पंप रात्रभर चालवायचा असेल तरच लिथियम.

एक महत्त्वाचं, सोलरची वायर घरच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या बाजूला जोडू देऊ नका. मीटरकडून येणाऱ्या मेनवर, इन्व्हर्टरच्या आधी जोडायची. नंतरच्या बाजूला जोडली तर लाईट गेल्यावर सोलरला घरच्या इन्व्हर्टरचा करंट दिसतो, त्याला वाटतं ग्रिड आलं, तो उलटा ढकलायला लागतो आणि इन्व्हर्टर जळतो. डीबी (घरातली स्विच-फ्यूजची मुख्य पेटी) उघडून स्वतः विचारा कुठे जोडलं म्हणून.

मोरजीवाली:
मी वेगळं मत देते. आम्ही हायब्रिड घेतलं, लिथियमसकट, आणि पैसे वसूल होणार नाहीत हे माहीत असून घेतलं. सासूबाईंना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागतं, ते ३०० वॉटच्या वर खातं, साध्या इन्व्हर्टरवर तीन तास जेमतेम. पूर्वी डिझेलचा जनरेटर होता, त्याचा आवाज, वास आणि मध्यरात्री उठून तो सुरू करायला जाणं, ते सगळं गेलं. तुमच्या घरी असं कोणी नसेल तर वायरमनदादांचं ऐका.

आमच्याकडचा त्रास खारट वाऱ्याचा. आधीच्या माणसाने स्ट्रक्चरला साधे नटबोल्ट लावले होते, दुसऱ्या पावसाआधीच गंजून बोटाने भुगा पडायला लागला, बदलायचं म्हटल्यावर फोन उचलायचा बंद. आता सगळे स्टेनलेसचे केलेत, रेल अॅल्युमिनियमची. डिचोलीत खारं वारं नाही पण तुमचं घर खाणीच्या ट्रकांच्या रस्त्याजवळ असेल तर धूळ बसेल, वर नळ आणि पाईप आत्ताच काढून ठेवा, सकाळी गार असताना धुवायचं, तापलेल्या काचेवर पाणी नको.

पोरसातला:
सगळ्यांचे आभार, तिसऱ्या किलोवॅटचा हिशोब त्या सोलरवाल्याला दाखवला तर म्हणाला "सर एवढं कोण बघतं". २ किलोवॅट ऑनग्रिड आणि जुन्या इन्व्हर्टरला ट्यूब्युलर, असं ठरतंय. राहिले माड आणि आजोबांचं मीटर. कौलांवर बसवलं तर माडांपासून लांब जाता येईल का?

फोंड्याचा हिशोबनीस:
कौलांवर नको. हुक वाशांपर्यंत नेताना कौलं फुटणार, आणि पॅनलखालचं एक कौल सरकलं तर जूनमध्ये वर कोण चढणार? जुन्या वाशांना वजन पेलेल का तेही सुतारालाच विचारावं लागेल.

माडाची सावली आत्ता बघून उपयोग नाही. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेचे माड निरुपद्रवी दिसतात. डिसेंबरात तोच खाली उतरतो आणि सावली लांबच लांब पडते, नेमकी ज्या महिन्यांत आभाळ स्वच्छ असतं तेव्हा. डिसेंबरात सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ ला स्लॅबवर जाऊन खडूने सावलीची कड मारून ठेवा. ५५० वॉटचे चार पॅनल लागतील, एकेक साडेसात बाय पावणेचार फुटाचा, ते खडूच्या बाहेर बसतात का बघा. एकावर झावळी आली तरी पूर्ण रांगेचं उत्पादन घसरतं. आणि नारळ पडण्याच्या टप्प्यात तर अजिबात नको, शेजाऱ्याशी भांडण वेगळं.

मीटरचं काम आजच सुरू करा. सबसिडी ज्याच्या नावाने अर्ज त्याच्याच बँक खात्यात येते, आणि आजोबांच्या नावावरचं कनेक्शन बदलायचं तर वीज खात्यात वारसांच्या सह्या लागणार. काका-आत्या मुंबईला असतील तर चवथीला सगळे घरी येतात तेव्हाच घ्या.

साखळीचा वायरमन:
आणि स्लॅब गळत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. पॅनल २५ वर्षं तिथे राहणार, नंतर गळायला लागलं तर सगळं उतरवून परत चढवायचे पैसे वेगळे द्यावे लागतात.