मदत हवी आहे: ३३वा आठवडा, उजवीकडे पोट दुखतंय, निदान होईना

नमस्कार. माझी धाकटी बहीण पहिलटकरीण, बाळंतपणासाठी सिडकोत आमच्याकडे आलीये. परवा रात्रीपासून उजवीकडे, बरगडीच्या चार बोटं खाली, सतत दुखतंय. कळा नाहीत, अंगावरून जात नाही, बाळ छान फिरतंय. आईने गॅस समजून ओवा-हिंग दिलं! उलटी होऊन ताप आला तेव्हा अ‍ॅडमिट केलं.

बीपी, प्लेटलेट्स, लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल, लघवीत इन्फेक्शन नाही. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नाहीत, पण अपेंडिक्स दिसलंच नाही. उजव्या किडनीला थोडी सूज आहे. गर्भाशयाच्या दाबाने ती बऱ्याच जणींना येते म्हणे. पांढऱ्या पेशी १६,०००, पण गरोदरपणात त्या तशाही वाढतात. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत अपेंडिक्स वर सरकू शकतं, म्हणून दुखणं भलत्याच जागी. आता कॉन्ट्रास्टशिवाय (म्हणजे शिरेतून ते चित्र उठून दिसण्याचं औषध न देता) एमआरआय सांगितलाय.

आज रविवार. नाशिकमध्ये गरोदर बाईचा एमआरआय आज कुठे होईल? आणि आठव्या महिन्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं कुणी आहे का? दुर्बिणीतून केलं की पोट उघडून? पुढे दिवस पूर्ण भरले का?

घरगुती उपाय नकोत प्लीज, ओवा देऊन झालाय.